घाटातल्या हाफ मॅरेथॉनसाठी शरीरातील ऊर्जेचे नियोजन

साताऱ्यात 2012 पासून होणारी हिल हाफ मॅरेथॉन शहरातून निघते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते आणि त्याच वाटेने परत उतरते. अंतर 21.1 किलोमीटर, म्हणजे इतर कोणत्याही हाफ मॅरेथॉनएवढेच. तरीही सपाट रस्त्यावर महिनोन्‌महिने सराव केलेले अनेक धावपटू इथे पहिल्या तीन-चार किलोमीटरांतच जोर लावून घाट चढतात आणि परतीच्या उतारावर, जिथे वेळ भरून काढायचा असतो तिथेच, त्यांचे पाय जड पडतात. दमसास कमी पडला असे मग म्हटले जाते. पण अशा वेळी शरीरात एकूण ऊर्जा भरपूर शिल्लक असते. ज्या साठ्यातून ती झटपट काढता येते तेवढा साठा मात्र चढावर उधळला गेलेला असतो. कोणत्या वेगाला शरीर कोणते इंधन वापरते हे एकदा नीट समजले, की सराव कसा करावा, आदल्या दिवशी काय जेवावे आणि घाटात पाय कुठे आवरावा, या सगळ्यांची उत्तरे आपोआप सापडू लागतात. म्हणून आधी शरीरातली व्यवस्था पाहू आणि मग ती घाटाला लावू.

स्नायूला ऊर्जा मिळते कशी

स्नायू आकुंचन पावताना थेट वापरतो ते इंधन एकच, एटीपी नावाचा रेणू. कार्ल लोमान यांनी तो 1929 मध्ये स्नायूंतून शोधून काढला. स्नायूत तयार एटीपी फार थोडा असतो. पूर्ण जोर लावला तर दोन-तीन सेकंदांत संपेल एवढाच. त्यामुळे तो जितक्या वेगाने खर्च होतो तितक्याच वेगाने पुन्हा घडवावा लागतो, आणि आपण ज्याला ऊर्जा निर्माण करणे म्हणतो ते म्हणजे मुख्यतः हे घडवणे.

त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला स्नायूतच साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेट या रेणूचा. तो क्षणात कामाला लागतो, पण सुमारे दहा सेकंदांच्या जोरापुरताच पुरतो. 100 मीटरच्या शर्यतीत त्याचे राज्य असते. आपल्या कामाला तो रस्त्यावरचा खड्डा चुकवताना किंवा शेवटच्या पन्नास पावलांना येतो. विश्रांती मिळाली तर अर्ध्या-एक मिनिटात तो निम्म्याहून अधिक भरून निघतो.

दुसरा मार्ग स्नायूतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, ऑक्सिजनची वाट न पाहता फोडण्याचा. हा वेगवान आहे पण अत्यंत खर्चिक, कारण ग्लुकोजच्या एका रेणूतून इथे केवळ दोन किंवा तीन एटीपी हाती लागतात. तिसऱ्या मार्गात त्याच रेणूचे फोडलेले तुकडे माइटोकॉन्ड्रिया या पेशीतील ऊर्जाकेंद्रांत जातात, ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण जळतात आणि एकूण सुमारे तीस एटीपी देऊन जातात. हा दहापटीहून मोठा फरक धावपटूने मनावर कोरून ठेवावा. चरबी मात्र फक्त तिसऱ्याच मार्गाने वापरता येते. ऑक्सिजनशिवाय तिच्यातून काहीच मिळत नाही.

हे तिन्ही मार्ग एकामागून एक सुरू होतात असे नसून ते सतत एकत्र चालू असतात आणि वेगानुसार त्यांचे प्रमाण बदलते. धावायला सुरुवात केल्यावर हृदय, श्वास आणि रक्तप्रवाह मागणीच्या पातळीला यायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि तोपर्यंतची तूट पहिले दोन मार्ग भरून काढतात. शर्यतीआधी दहा मिनिटे चालत आणि सावकाश धावत अंग गरम करायचे ते यासाठी. घाटातल्या शर्यतीत तर ते टाळूच नये.

दुसऱ्या मार्गात साखर फुटताना तयार होणाऱ्या लॅक्टेटबद्दलचा एक जुना गैरसमज इथेच दूर करायला हवा. स्नायूतील उष्णता, ऑक्सिजन आणि लॅक्टिक आम्ल यांच्या संबंधावरील कामासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना 1922 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अनेक दशके लॅक्टेटकडे थकव्याला कारणीभूत असा टाकाऊ पदार्थ म्हणून पाहिले गेले. आज आपल्याला ठाऊक आहे की वेगाने धावताना तयार होणारे लॅक्टेट रक्तावाटे हृदयाकडे, कमी दमलेल्या स्नायुतंतूंकडे आणि यकृताकडे जाते. हृदय आणि स्नायू ते इंधन म्हणून जाळतात आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज तयार करते. व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातील लॅक्टेट पूर्वपदावर येते. दोन दिवसांनी जिना उतरताना मांड्या ठणकतात त्याला ते जबाबदार नसते. त्याचे कारण पुढे उताराच्या भागात येईल.

लहान साठा आणि मोठा साठा

साठ किलो वजनाच्या, बेताच्या अंगकाठीच्या माणसाच्या शरीरातही आठ-दहा किलो चरबी असते, आणि एक किलो चरबीच्या ऊतीत सुमारे 7,700 किलोकॅलरी असतात. म्हणजे हा साठा साठ-सत्तर हजार किलोकॅलरींचा झाला. याउलट चांगले खाऊनपिऊन असलेल्या माणसाच्या सर्व स्नायूंत मिळून 300 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन असते आणि यकृतात आणखी 80 ते 100 ग्रॅम. एकूण जेमतेम दोन हजार किलोकॅलरी. चरबी ही अंगणातल्या विहिरीसारखी आहे, पाणी अमाप, पण तिच्यावरचा पंप लहान. ग्लायकोजेन ही गच्चीवरची टाकी आहे, तोटी सोडताच धो धो पाणी देणारी, पण लवकर रिकामी होणारी. आरामात चालताना लहान पंपावर बरेचसे भागते. वेग वाढला की पंप पुरत नाही आणि टाकीची तोटी मोठी करावी लागते. दर मिनिटाला जळणारी चरबी साधारणपणे ऑक्सिजन वापरण्याच्या आपल्या कमाल क्षमतेच्या निम्म्या ते पासष्ट टक्के जोरावर सर्वाधिक असते. त्यापलीकडे ती घटत जाते आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास जवळपास सगळा भार ग्लायकोजेनवर येतो. चरबी जाळायला त्याच ऊर्जेसाठी ऑक्सिजनही थोडा जास्त लागतो, त्यामुळे ऑक्सिजनची ओढाताण असताना शरीर साखरेकडे वळते.

मग एक रास्त प्रश्न उरतो. सपाटीवर धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलोच्या माणसाला 21 किलोमीटरसाठी साधारण 1,260 किलोकॅलरी लागतील आणि साठा तर दोन हजारांचा आहे, शिवाय काही वाटा चरबीही उचलते. मग टाकी रिकामी होतेच कशी? याचे उत्तर स्वीडनमध्ये 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हल्टमन हे दोन वैद्यकीय संशोधक एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि दोघांनी आपापल्या एकाच पायाने, तो थकेपर्यंत, पॅडल मारले. दुसरा पाय स्वस्थ ठेवला. नंतर सुईने मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले, तेव्हा श्रमलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपलेले होते आणि शेजारच्या पायातले जसेच्या तसे होते. स्नायूतील ग्लायकोजेनपासून ग्लुकोज सुटे करून रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) स्नायूत नसते, ते यकृतात असते. म्हणून दंडातले आणि पाठीतले ग्लायकोजेन मांडीच्या थेट उपयोगाचे नाही. धावपटूची खरी टाकी म्हणजे पायांचे स्नायू आणि यकृत एवढीच, आणि ती दोन हजारांच्या बरीच खाली येते. त्याच प्रयोगात पुढचे तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला, तेव्हा श्रमलेल्या पायातील साठा स्वस्थ पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला. शर्यतीआधी पिष्टमय आहार वाढवण्याच्या पद्धतीचा पाया हाच आहे.

घाटाचे गणित

शंभर मीटरमागे पाच मीटर चढ असलेल्या रस्त्यावर धावण्याचा ऊर्जाखर्च सपाटीच्या तुलनेत सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्याच उतारावर तो सुमारे चोवीस टक्क्यांनी घटतो. जाण्या-येण्याची बेरीज केली तर एकूण खर्च सपाट हाफ मॅरेथॉनपेक्षा फारसा वाढत नाही. फरक पडतो तो दर मिनिटाच्या मागणीत, आणि इथेच बहुतेकांचे गणित चुकते.

एक उदाहरण मांडून पाहू. साठ किलोचा धावपटू सपाटीवर साडेसहा मिनिटांत एक किलोमीटर धावतो. त्याला किलोमीटरला 60 किलोकॅलरी लागतात. एक लिटर ऑक्सिजनमागे सुमारे पाच किलोकॅलरी मिळतात, म्हणून किलोमीटरला बारा लिटर, अर्थात मिनिटाला साधारण 1.85 लिटर ऑक्सिजन. त्याची कमाल क्षमता मिनिटाला 2.6 लिटर असेल, तर तो सत्तर टक्क्यांच्या आसपास धावत आहे. तासन्‌तास निभेल असा हा जोर आहे. आता त्याने घड्याळ पाहून तोच वेग घाटात राखला तर मागणी मिनिटाला 2.4 लिटरवर, म्हणजे क्षमतेच्या नव्वद टक्क्यांपलीकडे जाते. या पातळीवर चरबीचा वाटा जवळपास संपतो, दुसरा खर्चिक मार्ग जोरात सुरू होतो आणि टाकी झपाट्याने उपसली जाते. चढ संपेपर्यंत पुढच्या दहा किलोमीटरांसाठी ठेवायचे ग्लायकोजेन गेलेले असते. सपाटीवरचाच जोर राखायचा असेल तर या धावपटूने त्या चढावर किलोमीटरला सुमारे साडेआठ मिनिटे घ्यायला हवीत.

म्हणून घाटात घड्याळातला वेग पाहू नये, श्वास पाहावा. यासाठी पाढ्यांसारखी सोपी कसोटी नाही. धावता धावता तेराचा किंवा सतराचा पाढा मोठ्याने म्हणावा. एका श्वासात तीन-चार पदे सहज येत असतील तर चरबी आणि साखर दोन्ही वापरात आहेत. दोन पदांनंतर श्वास तोडावा लागत असेल तर आपण सीमेवर आहोत. एकेका शब्दाला धाप लागत असेल, तर वळण संपेपर्यंत सरळ चालावे. तीव्र चढावर लांब, दमदार पावलांनी चालणाऱ्याचा वेग रखडत धावणाऱ्याच्या फार मागे राहत नाही आणि ग्लायकोजेन मात्र वाचते. घाटात चालण्यात कमीपणा मानण्याची जी सवय आपल्या धावपटूंच्या गटांत आहे ती मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरावात काय बदलावे

नियमित सरावाने स्नायूंतील माइटोकॉन्ड्रियांची संख्या आणि आकार वाढतो, त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि हृदयाच्या एका ठोक्याला अधिक रक्त फेकले जाते. परिणामी त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढतो आणि टाकी जास्त वेळ पुरते. हे बदल आठवड्याभरात दिसत नाहीत, त्यांना दोन-तीन महिने द्यावे लागतात, आणि त्यांतले बरेचसे बदल पाढा सहज म्हणता येईल अशा सावकाश धावण्यानेच घडतात. आठवड्यातील धावण्यापैकी चार-पंचमांश भाग असा सावकाश असावा. रोज थोडे दमवणारे, ना धड सावकाश ना धड वेगवान असे धावणे ही सर्वांत सामान्य चूक आहे; त्यातून पाय सतत दमलेले राहतात.

आठवड्यातून एक लांब पल्ला ठेवावा आणि तो हळूहळू 17-18 किलोमीटरपर्यंत न्यावा. एक दिवस चढाचा ठेवावा. पुण्यात असणाऱ्यांना सिंहगडाचा किंवा कात्रजचा रस्ता आहे. जवळ घाट नसेल तर उड्डाणपूल किंवा टेकडी चालेल. तीन ते चार मिनिटे जोरात चढावे, सावकाश खाली यावे आणि असे पाच-सहा वेळा करावे. खाली येतानाचा भाग वाया गेलेला वेळ समजू नये, कारण उतारासाठी पाय तयार करण्याची तीच संधी असते.

आदला दिवस आणि पहाट

शर्यतीच्या आदल्या दिवशी साठ किलोच्या धावपटूने 420 ते 480 ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जातील असे पाहावे. आपल्या जेवणात हे अवघड नाही. सकाळी शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांचे कमी तेलातले पोहे, दोन्ही वेळच्या जेवणांत मिळून दोनशे ग्रॅम तांदळाचा भात, ज्वारीच्या दोन भाकऱ्या, दिवसभरात तीन केळी आणि पन्नास ग्रॅम गूळ, एवढ्याची बेरीज साधारण 440 ग्रॅम होते. बरोबर साधे वरण आणि दही असावे. तळलेले आणि तेलकट पदार्थ, तर्रीची मिसळ, भरपूर उसळी आणि पालेभाज्या त्या दिवसापुरत्या बाजूला ठेवाव्यात, कारण पोट भरते पण टाकी भरत नाही आणि सकाळी पोट कुरकुरते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे वजनकाट्यावर किलोभर वाढ दिसली तर घाबरू नये.

रात्रीच्या झोपेत स्नायूंतील साठा तसाच राहतो, पण यकृतातला बराच खर्ची पडतो, कारण मेंदूला रात्रीही ग्लुकोज लागतच असते आणि ते यकृत पुरवते. उपाशीपोटी शर्यतीला उभे राहणारा धावपटू भरलेल्या पायांनी पण अर्ध्या रिकाम्या यकृताने सुरुवात करतो. शेवटच्या टप्प्यात त्याला गरगरते, चिडचिड होते, डोके सुन्न होते, ते यामुळे. शर्यत साडेसहाची असेल तर चारच्या सुमारास 60 ते 100 ग्रॅम पिष्टमय पदार्थ घ्यावेत: दोन केळी आणि गुळाबरोबर पोळी, किंवा मऊ भात आणि साखर घातलेले दही. श्रावणातला उपवास असेल तर साबुदाण्याची लापशी आणि केळी उत्तम, कारण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली खिचडी मात्र पोटात रेंगाळते. सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी गोड खाणे टाळावे. त्या वेळी इन्सुलिन वाढलेले असते आणि धावायला लागताच काहींची रक्तशर्करा एकदम उतरते. खायचेच असेल तर सुटण्याच्या पाच मिनिटे आधी.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी हा आराखडा डॉक्टरांना दाखवूनच वापरावा. धावताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातले ग्लुकोज ओढून घेतात, त्यामुळे औषधाचा नेहमीचा डोस त्या दिवशी जास्त ठरू शकतो.

धावताना

साडेदोन तासांच्या शर्यतीत तासाला 30 ते 60 ग्रॅम साखर पोटातून पुरवावी आणि ती दम संपण्याची वाट न पाहता तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटापासून सुरू करावी, कारण पोटातली साखर स्नायूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. साखरेची तयार जेल चालतात, पण तेच काम घरचे सरबत करते. एक लिटर पाण्यात वजन करून 60 ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात आणि आतड्यात ते वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, त्यामुळे ती सहसा चांगली मानवते. साखर यापेक्षा फार वाढवली तर पाणी पोटात साचते आणि मळमळते. काहीही घ्या, ते आधी लांब पल्ल्याच्या सरावात दोन-तीनदा घेऊन पाहिलेले असावे.

पाण्याचा विचार उष्णतेबरोबर करावा लागतो. जळलेल्या इंधनापैकी पाचव्या ते चौथ्या हिश्शाचेच हालचालीत रूपांतर होते. उरलेली सगळी उष्णता असते, म्हणजे आपल्या उदाहरणात जवळपास हजार किलोकॅलरी. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर त्यातली सुमारे 580 वाहून नेतो, पण पावसाळ्यात हवा दमट असते आणि घाम वाळण्याऐवजी ठिबकतो. मग त्वचेकडे जास्त रक्त वळवावे लागते, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्याच वेगाला ग्लायकोजेन अधिक खर्च होते. ढगाळ, उकाड्याच्या सकाळी ठरवलेला वेग सुरुवातीपासूनच कमी ठेवावा. पाणी तहानेप्रमाणे, घोट घोट प्यावे. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर बाटली रिचवणाऱ्यांच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

उतार आणि नंतरचे दोन दिवस

उतारावर ऊर्जा कमी लागते, पण स्नायू वेगळ्या प्रकारे राबतात. मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला शरीर झेलताना ताणला जात असतानाच आकुंचन पावतो आणि त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे ठणकणे ते हेच. उतारावर पावले आखूड आणि झटझट टाकावीत, टाच पुढे रोवून ब्रेक मारू नये, अंग मागे झुकवू नये. सरावात महिनाभर आधीपासून थोडा थोडा उतार धावलेल्यांना ही इजा बरीच कमी होते.

शर्यत संपल्यावर पहिल्या दोन तासांत स्नायू साखर सर्वांत वेगाने साठवतात. साठ किलोच्या धावपटूने त्या काळात तासाला साधारण 60 ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि एकदा 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिने घ्यावीत. केळी, खजूर आणि दूध, मग ताटभर वरणभात आणि सोबत उसळ किंवा अंडी, एवढे पुरे. एरवी रिकामी टाकी चोवीस तासांत भरते, परंतु इजा झालेल्या स्नायूत ग्लायकोजेन सावकाश साठते आणि घाट उतरून आलेल्या पायांना दोन-तीन दिवसही लागू शकतात. म्हणून रविवारच्या शर्यतीनंतर सोमवार-मंगळवार फक्त चालावे आणि बुधवारी किंवा गुरुवारी, जिना उतरताना मांडी दुखत नसेल तरच, पाच किलोमीटर पाढ्याच्या वेगाने धावून पाहावे.